टीबीचा कोर्स झाला, दम तसाच, आता सीटीत 'आयएलडी' आलं – हे काय आहे आणि पुढं काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. वडील ६१ वर्षांचे, दारव्ह्याकडं शेती, दीड वर्षापासून कोरडा खोकला, वावरातून घरी येईपर्यंत दम लागतो, एक्स-रे बघून सहा महिने एकेटी (टीबीची औषधं) दिली, काडीचा फरक नाही, आता सीटीत 'आयएलडी विथ फायब्रोसिस' (फायब्रोसिस म्हणजे आत व्रण पडणं) लिहून आलंय आणि गावात कोणी कॅन्सर म्हणतं, कोणी म्हणतं फुप्फुस वाळलं. हे काय आहे, बरं होतं का, नागपूरला न्यावं का, हे तुमचे तीन प्रश्न. मी छातीरोगाचाच डॉक्टर आहे, विदर्भातच तालुक्याच्या गावी बसतो, असे पेशंट कायम बघतो, म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी कॅन्सरचं. आयएलडी म्हणजे इंटरस्टिशियल लंग डिसीज, फुप्फुसाच्या आतल्या बारीक भिंतींचा आजार, कॅन्सर नाही. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टीबी समजून घरात बाबांचं ताट-तांब्या वेगळा केला असेल तर तो परत एकत्र करा, ताटातून तर टीबीसुद्धा पसरत नाही. पण म्हणून साधं प्रकरण आहे असंही नाही, अंगावर काढायचा हा आजार नाही.

आता महत्त्वाचं. आयएलडी हे एका आजाराचं नाव नाही. दोनशेहून जास्त वेगवेगळे आजार या एका नावाखाली टाकलेले आहेत, जसं आपण नुसतं 'ताप' म्हणतो आणि आत मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू काहीही असू शकतं. त्यातले काही पूर्ण बरे होतात, काही औषधानं जागच्या जागी थांबतात, काही कितीही केलं तरी हळूहळू पुढं जातात. त्यामुळं बाबांचा नेमका कोणता हे ठरल्याशिवाय कोणी छातीठोकपणे 'बरं होईल' म्हणो की 'आता काही नाही' म्हणो, दोघांचंही मनावर घेऊ नका. रिपोर्टात आयएलडी आलं म्हणजे आता चौकशी करायची आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि आपल्याकडं बोंब इथंच आहे, चौकशी होतच नाही, थेट गोळ्या सुरू होतात.

फुप्फुसात नेमकं बिघडतं काय ते सांगतो. आपण घेतलेला श्वास शेवटी कोट्यवधी बारीक वायुकोशांत जातो, त्यांच्या भिंतीला लागून रक्ताच्या केसाहून बारीक नळ्या असतात, आणि हवेतला ऑक्सिजन त्या भिंतीतून रक्तात शिरतो. ही भिंत इतकी पातळ असते की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती धड दिसतही नाही. वायुकोश आणि रक्तनळी यांच्यामधल्या या जागेला इंटरस्टिशियम म्हणतात. तिथं सूज आली किंवा जखम भरताना व्रणासारखे कडक तंतू तयार झाले की भिंत जाड होते, फुप्फुस कडक होतं, नीट फुगत नाही आणि ऑक्सिजन पलीकडं जायला वेळ लागतो. बसल्या जागी शरीराला ऑक्सिजन कमी लागतो म्हणून भागून जातं, पण चाललं, चढ चढला, डोक्यावर ओझं घेतलं की रक्त फुप्फुसातून भराभर पळतं आणि त्याला ऑक्सिजन घ्यायला सवडच मिळत नाही. म्हणून या आजारात बसलेला माणूस ठणठणीत दिसतो आणि चाललेला माणूस धापा टाकतो. सूज आहे तोवर औषधानं उतरू शकते, व्रण मात्र एकदा पडला की परत मऊ होत नाही. उशीर करू नका म्हणतो ते यासाठी.

पेशंट काय सांगतात तेही ठरलेलं. 'डाक्टरसाहेब, बसल्यावर काहीच नाही जी, चाललो की दम लागते.' 'खोकला सुटूनच नाही राहिला, बेडकाही पडत नाही.' खोकला कोरडा, बोलताना-हसताना उबळ येते. सुरुवात इतकी हळू होते की नेमका कधीपासून हे कोणाला सांगता येत नाही, मग माणूस स्वतःच वयावर ढकलतो, 'साठी झाली, आता दम लागणारच'. आधी वावरातून येताना एकदा बसायचा, मग दोनदा, मग मुलगाच जायला लागतो आणि बाबा ओसरीवर बसतात, आणि ओसरीवर बसल्यावर दम लागतच नाही म्हणून घरच्यांना वाटतं बरं आहे. म्हणून 'दम लागतो का' असं मी विचारत नाही, 'गेल्या वर्षी करत होतात आणि यंदा सोडून दिलं असं कोणतं काम आहे' असं विचारतो, मग खरं बाहेर येतं.

दमा आणि बिडीवाल्यांचा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुना आजार) याच्याहून वेगळा कसा, तर त्यात छातीत सूं-सूं वाजतं, सीओपीडीत बेडका पडतो, पंपानं मोकळं वाटतं. आयएलडीत शिट्टी बहुतेक वेळा नसते आणि पंप ओढूनही फरक पडत नाही. वर्षभर पंप बदलून-बदलून झाले आणि तरी दम वाढतोच आहे, तर निदान परत तपासायला पाहिजे. आता आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसात दोन्ही एकत्रही सापडतात, ती गोष्ट वेगळी.

डॉक्टरला तपासताना दोन गोष्टी सापडतात, त्या फुकटच्या आहेत पण त्यासाठी शर्ट काढून पाठीवर खालपर्यंत स्टेथो लावावा लागतो, आणि ओपीडीत शंभर माणसं रांगेत असली की तेच राहून जातं. पाठीच्या खालच्या भागात, श्वास आत घेताना शेवटाला बारीक चरचर ऐकू येते, सॅंडलचा वेल्क्रोचा पट्टा हळूहळू सोडवल्यावर येतो अगदी तसा आवाज, डॉक्टर लोक त्याला वेल्क्रो क्रॅकल्सच म्हणतात. खोकून घेतल्यावरही तो जात नाही. आणि दुसरं बोटं. दोन्ही हातांच्या तर्जनी वाकवून नखाला नख लावा, मधे चौकटीसारखी छोटी फट दिसायला पाहिजे, ती दिसत नसेल आणि नखं फुगून गोल झाली असतील तर ते क्लबिंग. ते आयएलडीतच होतं असं नाही, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये, जुन्या पू झालेल्या फुप्फुसात, काही हृदयरोगांतही होतं, पण असलं तर दुर्लक्ष करायचं नाही.

घरी एक गोष्ट करून बघा. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरोघरी पडून आहे, तो काढा, सेल बदला. बाबांना बसवून आकडा लिहा, मग त्यांच्या नेहमीच्या चालीनं अंगणात सहा मिनिटं चालवा आणि चालता-चालताच आकडा बघत राहा, थांबून पाच मिनिटांनी नाही. बसून ९६ आणि चालून ८७ असा माणूस मी कायम बघतो, आणि त्याच्या जुन्या केसपेपरवर दर वेळी ९६ च लिहिलेलं असतं कारण दर वेळी खुर्चीत बसवूनच मोजलेलं असतं. चालून चार टक्क्यांहून जास्त उतरला तर ते डॉक्टरला सांगायलाच पाहिजे. बोटं थंड असतील किंवा नखाला मेंदी असेल तर आकडा चुकतो हे लक्षात ठेवा. आणि ८८ च्या खाली गेला की चालवणं लगेच थांबवा, हे घरगुती चाचणीचं पथ्य आहे.

आता एकेटीकडं येतो, कारण तुमचा राग तिथं आहे आणि तो समजतो मला. आपल्या देशात टीबी इतका आहे की एक्स-रेवर डाग दिसला की पहिला विचार टीबीचा येणार, यात गैर काही नाही. गैर हे की बेडक्याची तपासणी न करता, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (बेडक्यात टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनच्या तपासण्या) न करता नुसत्या फिल्मवर सहा महिने औषध चालतं, आणि दोन महिन्यांनी फरक नसताना कोणी थांबून विचारत नाही. टीबीत सहसा संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, भूक जाणं, बेडका, कधी रक्त, आणि डाग बहुतेक फुप्फुसाच्या वरच्या भागात. बाबांना ताप नव्हता, बेडका नव्हता आणि रिपोर्टात दोन्ही बाजूंना खालच्या भागात लिहिलंय, हे चित्र टीबीचं नाही. पण उलटंही सांगून ठेवतो. पुढं स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर आधी टीबी नाही याची खात्री करावीच लागते, स्टेरॉइडनं झोपलेला टीबी उठतो. त्यामुळं परत बेडका मागितला तर 'झालं ना एकदा' म्हणून चिडू नका, द्या.

याच्याच उलटी गडबडही रोज येते. कोणाला वीस वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला, आता कशासाठी तरी एक्स-रे काढला, त्यात 'फायब्रोसिस राइट अप्पर झोन' लिहून आलं, पोरानं मोबाइलवर शोधलं, 'पल्मोनरी फायब्रोसिस, आयुष्य तीन ते पाच वर्षं' वाचलं आणि घरात रडारड. तो जुन्या टीबीचा व्रण आहे हो, एका जागी, वाढत नाही. आयएलडी साधारण दोन्ही बाजूंना पसरलेली असते. रिपोर्टातली एक ओळ मोबाइलवर टाकून आयुष्य मोजायला बसू नका.

आता कारण शोधण्याकडं. इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण खरी चावी इथंच आहे आणि ती कोणत्या मशीनमध्ये नाही. २०१७ मध्ये आयएलडी-इंडिया रजिस्ट्रीचे आकडे छापून आले, देशातल्या १९ शहरांतली २७ केंद्रं, १,०८४ पेशंट. परदेशात आयपीएफ नावाच्या प्रकाराचा (कारण न सापडणारा फायब्रोसिस) बोलबाला, पण आपल्याकडं सगळ्यात वर निघाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पाखरांची विष्ठा असल्या गोष्टींवर फुप्फुसानं घेतलेली तिडीक. ४७ टक्के पेशंट याचे. आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या घरी कोणती गोष्ट सापडली माहिती आहे? एअर कूलर.

हे वाचून विदर्भातल्या माणसाच्या पोटात गोळा यायला पाहिजे. आपल्याकडं मार्चपासून जूनपर्यंत कूलरशिवाय जगणं नाही. गणेशोत्सव आला तरी खिडकीतला कूलर निघत नाही, वूड वूलच्या किंवा वाळ्याच्या ताट्या तशाच ओल्या असताना ताडपत्री झाकून टाकतो, टाकीत तळाला गाळ आणि शेवाळ, आणि पुढच्या मार्चमध्ये पाणी भरून सरळ बटन दाबतो. मग पहिल्याच रात्री खोलीभर तो कुबट वास येतो ना, तो त्या ताट्यांवर वाढलेल्या बुरशीचा, आणि समोर खाट टाकून झोपलेला माणूस रात्रभर तीच हवा ओढतो. एका बाईंना दर उन्हाळ्यात ताप-खोकला यायचा, दर वेळी टायफॉइडचं सलाइन लागायचं, माहेरी चार दिवस गेल्या की बरं वाटायचं. तेव्हा त्यांच्या घरच्यांना मी ताट्यांचा फोटो आणायला सांगितला, तर ताटी काळी ठिक्कर, हात लावला की भुगा पडत होता. औषध फार लागलं नाही त्यांना, कूलर हटवला, थोडे दिवस स्टेरॉइड, बस. सगळ्यांचं असं सोपं होत नाही हेही खरं, त्या लवकर आल्या होत्या.

हा प्रकार दोन तऱ्हेनं येतो. एकदम जास्त धूळ-बुरशी गेली तर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, खोकला, दम, आणि एक-दोन दिवसांत आपोआप कमी. लोक मलेरियाची गोळी खातात, बरं वाटतं, श्रेय गोळीला. आणि दुसरी तऱ्हा बाबांसारखी, रोज थोडं-थोडं, ताप नाही काही नाही, वर्षानुवर्षं आत व्रण पडत जातात.

तर बाबांना या गोष्टी विचारा, आणि नुसतं 'धुळीत काम करता का' असं विचारू नका, त्याला प्रत्येक शेतकरी हो म्हणतो. कूलर कोणता, ताट्या कधी बदलल्या, खाट कुठं असते. कुटार (पिकाचा भुसा) कुठं भरता. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस आला की भिजलेलं कुटार तसंच कोठ्यात भरलं जातं, आत तापतं, बुरशी धरते, आणि जानेवारीत बैलासमोर टाकायला टोपली भरली की पांढरा धूर उठतो. शेतकऱ्याचं फुप्फुस म्हणून जगात जो आजार ओळखला जातो तो याच असल्या ओल्या चाऱ्यातल्या जंतूंनी होतो. घरात कबुतरं, कोंबड्या, पोपट आहेत का, माडीवर पारवे बसतात का आणि ती घाण कोण झाडतं. भिंतीला ओल आहे का. थ्रेशरवर काम करता का. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, पंधरा दिवस लेकीकडं गेल्यावर खोकला कमी होतो का.

कापसाबद्दल लोक हटकून विचारतात. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीनं जो आजार होतो तो बिसिनोसिस, तो श्वासनलिकांचा आजार आहे, आठवडी सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते हे त्याचं खास लक्षण. तो आयएलडीत धरत नाहीत. घरच्या कापूस वेचणीनं फुप्फुस कडक होत नाही, कापसाला उगाच बदनाम करू नका.

खदान मात्र बदनाम करायलाच पाहिजे. गिट्टी खदानीत, क्रशरवर, दगड फोडायला, विहिरीत सुरुंगाला भोकं पाडायला कोणी कधीकाळी गेलं होतं का, हे विचारा. सिलिकाची धूळ आत गेली की काम सोडल्यावर कित्येक वर्षांनीही आजार वाढत राहतो, डाग वरच्या भागात येतात, आणि अशा माणसाला टीबी होण्याचा धोकाही जास्त, त्यामुळं दोन्हींची सरमिसळ होते. चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा खाणीत काम केलेल्यांना कोळशाच्या धुळीचा वेगळा प्रकार होतो. सिलिकोसिस हा कायद्यानं सरकारला कळवायचा आजार आहे आणि भरपाईचा हक्क असतो, म्हणून कामाचे जे काही कागद असतील, हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, ते फेकू नका.

धुळीनंतर सांधे. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडतात का, थंड पाण्यात हात घातल्यावर बोटं पांढरी-निळी पडतात का, कातडी ताठ होऊन तोंड पूर्ण उघडत नाही का, डोळे-तोंड कोरडं पडतं का, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहिला नाही का. संधिवात, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस असले आजार फुप्फुसावर जातात, आणि कधीकधी फुप्फुस आधी आणि सांधे मागून. चाळिशीतल्या बाईला आयएलडी असली तर मी आधी तिचे हात बघतो. यासाठी रक्ताच्या तपासण्या असतात, एएनए, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी वगैरे, त्या एकदा तरी व्हायला पाहिजेत.

औषधंसुद्धा. हृदयाच्या ठोक्यासाठीची अॅमिओडॅरोन, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, लघवीच्या जंतूसाठी महिनोन्महिने घेतलेली नायट्रोफ्युरँटॉइन, कॅन्सरची काही औषधं, छातीला दिलेलं रेडिएशन. मनानं काहीही बंद करू नका, फक्त सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा. तणनाशकातलं पॅराक्वाट पोटात गेलं तर काही दिवसांत फुप्फुसं आवळतात, पण ते वेगळं आणि तातडीचं प्रकरण, त्यात थेट मोठं हॉस्पिटल.

एवढं सगळं विचारून-तपासूनही कारण सापडत नाही, वय साठीच्या पुढं, बहुतेक पुरुष, बिडी-सिगरेटचा इतिहास, सीटीत खालच्या कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं, त्याला हनीकोंबिंग म्हणतात, असं असलं की मग आयपीएफ म्हणायचं. मोबाइलवर दिसणारं 'तीन ते पाच वर्षं' हे या एका प्रकाराचं, आणि तेही उपचार न घेतलेल्यांची सरासरी. कोणी लवकर जातो, कोणी दहा वर्षं काढतो. तुमच्या रिपोर्टाच्या दोन ओळींवरून बाबांना आयपीएफच आहे असं मी म्हणणार नाही, ६१ वर्षांच्या शेतकऱ्यात जुना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस अगदी तसाच दिसू शकतो.

तपासण्यांत एचआरसीटी मुख्य. चिठ्ठीवर नुसतं सीटी चेस्ट असेल तर विचारून घ्या, आयएलडीसाठी पातळ कापांची लागते, इंजेक्शनची गरज नसते, श्वास पूर्ण भरून आणि पूर्ण सोडून दोन्हींत फोटो लागतात. टेक्निशियन 'श्वास धरा' म्हणतो तेव्हा बाबांनी खरंच भरून धरला पाहिजे, अर्धवट धरला तर चांगलं फुप्फुसही धुरकट दिसतं आणि आजार नसताना आजार लिहून येतो. आदल्या दिवशी घरी सराव करून घ्या, हसू नका, खरंच फरक पडतो. मग फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री. त्यात एफव्हीसी नावाचा आकडा असतो, फुप्फुसात मावणारी हवा समजा, आयएलडीत तो कमी येतो. पहिल्या आकड्यापेक्षा तीन ते सहा महिन्यांनी परत केल्यावर तो कुठं चाललाय हे जास्त महत्त्वाचं. डीएलसीओ म्हणजे भिंतीतून वायू किती पलीकडं जातो त्याचं माप, ते मशीन सगळीकडं नसतं. बायोप्सी प्रत्येकाला लागत नाही, सीटी आणि माहिती जुळली तर बिना-बायोप्सीही निदान होतं.

उपचाराचं. आधी कारण दूर. कारण कूलर निघालं असेल तर तो धुऊन परत लावायचा नाही, त्या खोलीतून बाहेर काढायचा. मे महिन्यात हे सांगणं म्हणजे शिक्षा आहे मला माहिती आहे, एसी परवडला तर उत्तम, नाहीतर पंखा, खिडकीला ओला न केलेला पडदा, रात्री अंगणात खाट. घरात बाकीच्यांचा कूलर असेल तर दर मोसमात नवीन ताट्या, टाकी रोज उपसून कोरडी, आणि मोसम संपला की वाळवून ठेवणं. कुटार बाबांनी हलवायचं नाही, दुसऱ्यानं हलवायचं, आणि तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, बारीक बुरशी कापडातून आरपार जाते, एन-९५ मास्क लागतो. बिडी बंद. पऱ्हाटीच्या चुलीजवळ बसणंही बंद.

मग स्टेरॉइड. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये, सांध्यांच्या आजारातल्या फुप्फुसात, सार्कॉइडमध्ये (अंगात बारीक गाठी होण्याचा आजार) ते उपयोगी पडतं, कधी सोबत मायकोफेनोलेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. पण आयपीएफमध्ये? २०१२ साली पँथर नावाचा अभ्यास छापून आला, त्यात आयपीएफच्या पेशंटना प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टेरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन असं त्रिकूट दिलं होतं, आणि औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त मेले, अभ्यासातला तो भाग मधेच थांबवावा लागला. त्याआधी जगभर हेच दिलं जायचं. म्हणून प्रकार न ठरवता 'आयएलडी आहे ना, लावा स्टेरॉइड' हे मला मान्य नाही. आणि चालू असेल तर एकदम तोडूही नका, तेही जिवावर बेततं, शुगर वाढतेय का बघत राहा. 'दम्याची खात्रीची पुडी' आणली असेल तर तीही डॉक्टरला दाखवा, असल्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणूनच भूक लागते आणि तोंड भरतं.

व्रण पडण्याचा वेग कमी करणारी औषधं आहेत, त्यातली मुख्य दोन पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब. दोन्हींचे मोठे अभ्यास २०१४ मध्ये आले. निंटेडॅनिबच्या अभ्यासात गोळी न घेणाऱ्या आयपीएफ पेशंटची एफव्हीसी वर्षाला साधारण २४० मिलीनं घटली, घेणाऱ्यांची ११५ मिलीनं. म्हणजे घसरण निम्म्यावर, थांबत नाही, गेलेलं परत येत नाही. हे आधीच नीट समजून घ्या नाहीतर तीन महिन्यांनी 'दम तर तसाच आहे' म्हणून लोक सोडून देतात. २०१९ नंतर आयपीएफ सोडून बाकीच्या वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसमध्येही निंटेडॅनिब वापरलं जातं. निंटेडॅनिबनं जुलाब लागतात, पिरफेनिडोननं मळमळ होते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, आपल्या उन्हात तर विचारूच नका, म्हणून जेवता-जेवता गोळी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, दुपारी वावर नाही. लिव्हरची रक्ततपासणी ठरल्या वेळी.

बसून ऑक्सिजन ८८ किंवा खाली असेल तर घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) लागतो. 'एकदा लावला की सवय लागते' हे खोटं आहे, लागणारी गोष्ट लागतेच. गावात लोडशेडिंग असेल तर सोबत एक भरलेला सिलिंडर किंवा इन्व्हर्टर हवाच, मशीन घ्यायच्या आधी हा हिशोब करा. आणि ऑक्सिजन चालू असताना खोलीत बिडी, उदबत्ती, चूल काहीही नाही. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या. रोज झेपेल तेवढं चालणं चालू ठेवा, दम लागतो म्हणून खाटेवर बसून राहिलं की पायातली ताकदही जाते आणि मग दम आणखी वाढतो.

दम आठवडा-दोन आठवड्यांत एकदम वाढला, ओठ निळसर झाले, बसूनही आकडा ९० च्या खाली राहायला लागला, छातीत अचानक कळ आली, पायावर सूज आली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट भरती.

नागपूरला न्यावं का, तर हो, एकदा न्याच, पण त्याआधी यवतमाळच्या किंवा सेवाग्राम-सावंगीच्या मेडिकल कॉलेजात छातीरोग विभागात दाखवलं तरी चालेल, जवळ पडतं आणि फेऱ्या झेपतात. छातीचा डॉक्टर, सीटी वाचणारा आणि गरज पडली तर सांध्यांचा डॉक्टर, हे तिघं एकमेकांशी बोलून प्रकार ठरवतील अशी जागा पाहिजे. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. जाताना सीटीची फिल्म नाही, सीडी न्या, रिपोर्टपेक्षा आतले फोटो बघायचे असतात. जुने सगळे एक्स-रे न्या, अगदी दहा वर्षांपूर्वीचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा सापडला तर तोही, तेव्हा फुप्फुस कसं होतं त्यावरून आजार किती वेगानं चाललाय ते कळतं. एकेटीचं कार्ड, गोळ्यांची पिशवी, चालून काढलेले ऑक्सिजनचे आकडे. आणि मोबाइलमध्ये तीन फोटो: बाबांची खाट आणि समोरचा कूलर, ताट्या जवळून, आणि कुटार ठेवता तो कोठा आतून.